पॅसिफिकमधल्या बेटांवर जाऊन राहिलेल्या जर्मन लोकांचा इतिहास शोधायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू गिनी, सामोआ अशा बेटांवर जर्मन साम्राज्याच्या काळात जाऊन राहिलेल्या लोकांवर मराठीत दीर्घ लेख लिहायचा आहे, जर्मन बऱ्यापैकी वाचता येतं, पण नेटवर नारळ खाऊन जगणाऱ्या त्या एका माणसाशिवाय काही हाती लागत नाही.

तो माणूस म्हणजे न्यूरेम्बर्गचा आउगुस्ट एंगेलहार्ट. १९०२ मध्ये त्यानं जर्मन न्यू गिनीतलं काबाकोन नावाचं छोटं बेट विकत घेतलं. तिथे तो विवस्त्र राहिला आणि सूर्य व नारळ यांचा पंथ चालवला. त्याच्या मागून आलेले काही जण थोड्याच काळात तिथे वारले. गोष्ट खरी आहे, पण तिथे अडकून पडू नका. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारा: हे बेट त्यानं घेतलं कोणाकडून? उत्तर आहे एमा फोरसेथच्या कंपनीकडून. वडील अमेरिकन, आई सामोअन, आणि न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावर रालूम इथे मळे उभारून ही बाई त्या भागातली सगळ्यात बडी जमीनदार झाली होती. सगळे तिला 'क्वीन एमा' म्हणत. म्हणजे जर्मन वसाहतीतल्या एका जर्मन माणसाची जमीन शोधायला गेलात की पहिल्याच पायरीवर अर्धी सामोअन मालकीण भेटते. मला वाटतं, या इतिहासाची वाट इथूनच जाते.

अनेक वर्षं ही कागदपत्रं वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की या लोकांच्या आठवणींच्या पुस्तकांपासून सुरुवात करू नये. त्या पुस्तकांत समुद्र असतो, माडांच्या रांगा असतात, ताप असतो आणि लिहिणाऱ्याचं शौर्य असतं. बेटावरची बाकीची माणसं जवळजवळ नसतातच. जमिनीचे दावे, मजुरांचे करार आणि लग्नांच्या नोंदी यांत मात्र ती नावानिशी भेटतात, कारण भांडण झालं की सरकारला प्रत्येकाचं म्हणणं लिहून घ्यावं लागतं.

सामोआचंच बघा. हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय व्यापारी घराण्यानं १८५७ मध्ये आपिया इथे ठाणं मांडलं. व्यवहार खोबऱ्याचा. आधी तेल काढून पाठवत, पुढे वाळवलेलं खोबरंच जहाजात भरून युरोपला जाऊ लागलं. १८७९ मध्ये ते घराणं बुडालं आणि त्याचे मळे आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या एका मोठ्या हॅम्बुर्ग कंपनीकडे गेले. कागदपत्रांत ती डी.एच.पी.जी. या आद्याक्षरांनी सापडेल. गोऱ्या लोकांनी सामोआतल्या जमिनीवर किती हक्क सांगावा? सगळ्या दाव्यांची बेरीज बेटांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त भरली. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात झालेल्या १८८९ च्या बर्लिन करारानंतर जमीन आयोग बसला आणि त्यानं बहुतेक दावे फेटाळले. त्या दाव्यांत कोणत्या मताईनं, म्हणजे कुळप्रमुखानं, कोणती जमीन किती बंदुकांच्या बदल्यात दिली अशा तऱ्हेचे तपशील निघतात. तुमच्या लेखाला लागणारा कस तिथे आहे.

१ मार्च १९०० रोजी पश्चिम सामोआवर जर्मन झेंडा चढला आणि विल्हेल्म झोल्फ गव्हर्नर झाला. लगेच जर्मनीत प्रचार सुरू झाला: थोडं भांडवल घेऊन या, कोको लावा, श्रीमंत व्हा. रिचर्ड डीकेन नावाच्या एका उत्साही लेफ्टनंटनं त्यासाठी पुस्तकच लिहिलं, आणि काही लोक खरोखर निघाले. तिथे पोहोचल्यावर कळलं की सामोअन माणूस मळ्यावर मजुरीला येत नाही. का येईल? त्याची स्वतःची जमीन होती, तारो (अळूचा कंद) होतं, मासे होते. मेलानेशियातून, म्हणजे न्यू गिनीच्या बाजूच्या बेटांवरून, मजूर आणण्याची सवलत फक्त त्या बड्या कंपनीला होती. म्हणून छोट्या मळेवाल्यांनी चिनी मजुरांची मागणी लावून धरली आणि १९०३ मध्ये पहिली तुकडी आली. मजुरांना मारहाण झाली, तक्रारी झाल्या, खटले चालले, आणि खुद्द डीकेनला चिनी मजुरांशी केलेल्या वागणुकीबद्दल शिक्षा झाली. झोल्फला हे छोटे मळेवाले मुळीच नको होते. त्याचा आणि त्यांचा झगडा वाचताना वसाहत म्हणजे एकजुटीचा गोरा समाज हा समज पार गळून पडतो.

आता या झोल्फबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती थेट पुण्याला येऊन मिळते. गव्हर्नर होण्याआधी तो संस्कृतचा अभ्यासक होता. १८८८ मध्ये त्यानं एका संस्कृत व्याकरणाचा इंग्रजीतून जर्मनमध्ये अनुवाद केला. ते व्याकरण फ्रान्झ कीलहॉर्न यांचं, जे १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात शिकवत होते. पुढे झोल्फ कलकत्त्याच्या जर्मन वकिलातीतही होता. ही ओळख कळल्यावर मी त्याची सामोआतली पत्रं वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. स्थानिक चालीरीती आणि भाषा यांबद्दलची त्याची आस्था खरी होती; १९०९ मध्ये तिथे जन्मलेल्या मुलीला त्यानं सामोअन नाव दिलं. आणि त्याच माणसानं १९१२ मध्ये, बर्लिनला वसाहतमंत्री झाल्यावर, सामोआत गोरे आणि स्थानिक यांच्या नव्या विवाहांना बंदी घातली. तोवर कितीतरी जर्मनांनी सामोअन बायकांशी संसार थाटले होते. मग कोणतं मूल 'गोरं' आणि कोणतं 'स्थानिक' हे ठरवणं आलं, त्यासाठी यादी आली, अर्ज आले. आस्था असलेला माणूस असा कायदा कसा करतो, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही. तुम्ही लिहिणार असाल तर या जागेवरून घाईनं पुढे जाऊ नका.

न्यू गिनीची तऱ्हा वेगळी. तिथे १८८४ मध्ये झेंडा लागला तो बर्लिनचा बँकर आडोल्फ फॉन हान्झेमान याच्या न्यू गिनी कंपनीच्या पुढाकारानं, आणि कंपनीच राज्य करू लागली. फिन्शहाफेन हे पहिलं मुख्य ठाणं १८९१ मध्ये तापाच्या साथीमुळे सोडावं लागलं. तंबाखूच्या मळ्यांसाठी आणलेले चिनी आणि जावानीज मजूर मोठ्या संख्येनं मेले. शेवटी १८९९ मध्ये कारभार सरकारनं ताब्यात घेतला. अधिकारी येत-जात राहिले. बायकामुलांसह दशकानुदशकं टिकले ते मुख्यतः मिशनरी. योहानेस फ्लीर्ल १८८६ मध्ये फिन्शहाफेनजवळ उतरला, आणि त्याच्या नॉयेनडेटेल्साऊ मिशनचा पत्रव्यवहार बव्हेरियात जपलेला आहे. घर, आजारपण, मुलांचं शिक्षण हे विषय तुम्हाला हवे असतील तर तो साठा फार मोलाचा आहे.

कागद विखुरलेत ते १९१४ मुळे. ऑगस्टच्या अखेरीस न्यूझीलंडनं सामोआ घेतलं, सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियानं न्यू गिनी. म्हणून बर्लिनला गेलेले अहवाल आणि पत्रं बर्लिनच्या लिष्टरफेल्ड भागातल्या संघीय अभिलेखागारात आहेत (वसाहत खात्याचा संच आर १००१, त्यातलं पुष्कळ घरबसल्या स्क्रीनवर वाचता येतं). सामोआतल्या प्रशासनाचं दप्तर मुख्यतः वेलिंग्टनला आहे, आणि न्यू गिनीचं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे बघावं. एकाच मळ्याची कथा तीन देशांत वाटलेली असते. न्यू गिनीतल्या जर्मन मळेवाल्यांना युद्धकाळात बरंच मोकळं ठेवलं होतं. १९२० नंतर मात्र त्यांचे मळे जप्त झाले आणि बहुतेकांना जर्मनीला परत धाडलं. भरपाई जर्मन सरकारनं द्यायची होती. ती मार्कांमध्ये मिळाली आणि १९२३ च्या महागाईत मातीमोल झाली. जप्त मळे १९२६-२७ मध्ये विकायला काढले तेव्हा ऑस्ट्रेलियानं छापलेली विक्रीपत्रकं जरूर मिळवा. त्यांत मळ्याचे नकाशे, माडांची संख्या, घरं, गोदामं असं सगळं आहे.

हस्तलिखितं कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असतात. आपल्याकडे मोडी शिकताना होतं तसंच होतं: सुरुवातीला एक ओळ तास खाते, मग डोळा बसतो. ट्रान्सक्रिबस हे सॉफ्टवेअर कच्चं वाचन करून देतं, नावं मात्र स्वतः ताडून बघा. ठिकाणांची नावं दोन्ही काळांतली शोधा: नॉय-पॉमर्न म्हणजे न्यू ब्रिटन, हर्बर्ट्सह्योहे म्हणजे कोकोपो, फ्रीडरिश-विल्हेल्म्सहाफेन म्हणजे मदांग. माणसाचा माग लागत नसेल तर हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या बघा. ब्रेमेनच्या बऱ्याचशा नष्ट झाल्यात.

मजुरांची स्वतःची पत्रं जवळजवळ मिळत नाहीत. त्यांचा आवाज कोर्टातल्या जबान्यांत, पळून गेल्याच्या जाहिरातींत आणि मृत्यूच्या नोंदींत शोधावा लागतो. हे काम कंटाळवाणं वाटेल, तरी ते टाळून लिहिलेला लेख मला अर्धाच वाटेल.

आणि खरंच आज रात्रीच सुरुवात करायची असेल तर त्या काळी आपियाला निघणारं 'सामोआनिशे त्साइटुंग' हे साप्ताहिक उघडा. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पेपर्स पास्ट या साइटवर ते फुकट आहे. त्यातली १९०९ ते १९११ ही वर्षं घ्या. सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा सामोआत शिरला तो याच सुमारास. माड धोक्यात आले आणि भुंगे व अळ्या वेचण्याचे सरकारी हुकूम निघाले. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. त्या एका किड्याच्या मागे गेलात तर मळेवाला, मजूर, गावप्रमुख आणि सरकार असे चौघेही एकाच पानावर भेटतील. एखादी फाइल उघडून वाचता येईना, तर पानाचा फोटो इथे टाका, मी वाचून देईन.