क्लच सुटत नाही, की क्लच घसरतो?

या वेळचे तिन्ही प्रश्न माझदा एमएक्स-५ या दोन आसनी उघड्या गाडीचे आहेत. ती भारतात अधिकृतपणे विक्रीला आली नाही, पण परदेशातल्या मराठी वाचकांकडे ती आहे, आणि बहुतेक गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत.

प्रश्न : माझी एमएक्स-५ १९९९ची आहे. सकाळी इंजिन सुरू केलं की पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज होतो. पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं की गिअर पडतो. गॅरेजवाले म्हणतात, क्लच संपला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच तसं आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. क्लच प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन पळतं आणि गाडी मागे राहते. तुमचा क्लच घसरत नाही, तो पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. त्यातून पेडल पंप केल्यावर गिअर पडतो, म्हणजे संशय आधी हायड्रॉलिक भागावर जातो : पेडलकडचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आधी एक साधी चाचणी करा. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच सुटत नाही हे नक्की. मग इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, पेडल तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही करकरला, तर प्लेट अजून इंजिनाबरोबर फिरते आहे.

आता बॉनेट उघडा. क्लचच्या ऑइलची छोटी वेगळी टाकी ब्रेक मास्टर सिलिंडरच्या शेजारी, इंजिनामागच्या भिंतीवर आहे. पातळी खाली गेली असेल तर ऑइल कुठेतरी गळतंय, कारण क्लचचं ऑइल खर्च होत नाही. नुसतं भरून गाडी चालवत राहिलात तर एक दिवस पेडल तळाला जाऊन तिथेच राहील.

गळती दोनच ठिकाणी आधी शोधा. एक, पेडलच्या वर, जिथे मास्टर सिलिंडरचा दांडा भिंतीतून आत येतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टरचं मागचं सील गेलंय. दुसरी जागा खाली, गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या उजव्या बाजूला, स्लेव्ह सिलिंडर. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नको. स्लेव्हच्या टोकाचं रबरी बूट हळूच मागे सरकवा. आतून काळसर ऑइल ओघळलं, तर निदान झालं.

दोन्ही कोरडी असतील तर कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते बघा. साधारण १२ मिलिमीटर हवा. कमी सरकत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर आतल्या आत ऑइल सोडतोय. पेडल तसंच मिनिटभर दाबून ठेवायला सांगा. दांडा हळूहळू परत येऊ लागला आणि बाहेर एक थेंबही नाही, तर मास्टरचं आतलं सील गेलं. दांडा पूर्ण सरकूनही गिअर अडत असेल, तरच दोष आत आहे : क्लच सोडवणाऱ्या फोर्कला तडा, गिअरबॉक्सच्या गंजलेल्या शाफ्टवर अडकलेली प्लेट, किंवा त्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या बाजूला धरणारं, पण जाम झालेलं पायलट बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवायचा तो या टप्प्यावर.

स्लेव्ह दोन बोल्टांवर बसतो, डोकी १२ मिलिमीटरची. पाइपचा सांधा स्लेव्ह जागेवर असतानाच थोडा सैल करा, नंतर पकड मिळत नाही. मास्टर आणि स्लेव्ह एकाच वयाचे असतील तर दोन्ही एकदम बदला. नव्या स्लेव्हनंतर जुना मास्टर लवकरच दगा देतो.

हवा काढायला सीलबंद डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल वापरा. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालू ठेवा आणि टाकी मध्ये कधीही रिकामी होऊ देऊ नका. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

प्रश्न : मोटरवेवर चढाला पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही. जळका वासही येतो. स्लेव्ह बदलू का? (लेस्टर)

उत्तर : नको, हा घसरणारा क्लच आहे. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन खात्री करा. त्याआधी पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना बघा. कुणी मास्टरचा दांडा जास्त बाहेर काढून ठेवला असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही जळते. चाल ठीक असेल तर गिअरबॉक्स उतरवणं आलंच. प्लेटच्या रिव्हेटच्या डोक्यावर ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी उरली असेल तर प्लेट बाद. प्लेट तेलकट निघाली तर क्रँकशाफ्टचं मागचं सील बदलल्याशिवाय नवा क्लच बसवू नका, तोही तसाच भिजेल. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकत्रच घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, १८ ते २६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

प्रश्न : क्लचजवळून घरघर ऐकू येते, गिअर मात्र नीट पडतात. (टोरंटो)

उत्तर : न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडलवर पाय टेकताच सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबलेलं आणि गाडी गिअरमध्ये असतानाच येत असेल तर पायलट बेअरिंग. फक्त थंडीत दुसरा गिअर अडत असेल तर क्लचला दोष देऊ नका, तो सिंक्रोचा, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याचा त्रास आहे. आधी गिअरबॉक्समधलं सुमारे दोन लिटर ऑइल बदलून ७५डब्ल्यू-९० जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल भरून बघा.