तुझ्या पोस्टमधल्या त्या एका ओळीबद्दल

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत वाचली. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, घरापासून लांब वसतिगृहात, बारावीपर्यंत वर्गात पहिली, आणि पहिल्या सत्राचा निकाल लागल्यापासून सगळंच हातातून निसटल्यासारखं वाटतंय. खोलीतल्या दोघी स्पर्धा परीक्षेच्या मागे लागल्यात. तू पाच वर्षांचा तक्ता केला आहेस, त्यात संशोधन, एमपीएससी, परदेशातलं शिक्षण, डेटा सायन्सचा कोर्स, सगळं आहे, आणि यातलं नेमकं काय धरू असं तू विचारलं आहेस. वरच्या बहुतेकांनी त्याचीच उत्तरं दिली आहेत, चांगली दिली आहेत. मला मात्र मधेच येऊन गेलेली एक ओळ सोडवेना: "फिजिक्सच्या पेपरला गैरहजर दाखवलंय, ऑफिसात सांगितलंय, ते म्हणाले होऊन जाईल, पण तो मुद्दा नाही."

अगं, तोच मुद्दा आहे. निदान माझ्या बाबतीत तोच होता, आणि त्यापायी माझं एक वर्ष गेलं.

मी २०११ साली पहिल्या वर्षाला होते. तेव्हाचा पॅटर्न वेगळा होता, नियम आता बदललेत, त्यामुळे माझं सगळं जसंच्या तसं लागू करू नकोस. पण गोष्ट तीच. पेपर दिला होता, चांगला दिला होता, बाहेर पडल्यावर मैत्रिणींबरोबर शेवटच्या गणितावर वादही घातला होता. निकालात त्या विषयापुढे गैरहजर. चूक माझीच होती, हे नंतर कळलं. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिताना शेवटचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. घाईत होतं कधी कधी. पण त्याच वर्गात, त्याच सकाळी पर्यवेक्षकांनी फिरवलेल्या हजेरीपटावर माझ्या खऱ्या क्रमांकासमोर माझी सही होती आणि शेजारी उत्तरपत्रिकेचा छापील क्रमांकही होता. दोन कागद शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

मी ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज लिहायला सांगितला, मी तिथेच भिंतीला टेकून वहीच्या पानावर लिहिला आणि दिला. त्यांनी तो काचेखाली नाही, फाईलमध्ये नाही, टेबलावरच्या पंचिंग मशीनखाली सरकवला. ते अजून डोळ्यांसमोर आहे, पानाचा फाटका कोपरा बाहेर आला होता. "होऊन जाईल, पुढच्या आठवड्यात ये." मी विचारलं, तोपर्यंत बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेला विषय परत द्यायचा फॉर्म भरून ठेवू का? तर म्हणाल्या, "कशाला? दुरुस्तीच होणार आहे." मी आभार मानून निघाले. अर्जाची प्रत काढली नाही. पोच घेतली नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ती. बैठक क्रमांकाची चूक दुरुस्त होण्यासारखी होती. पोच न घेतल्याची झाली नाही.

पुढच्या आठवड्यात "साहेब रजेवर आहेत". त्यानंतर "विद्यापीठाकडे पाठवलंय". त्यानंतर "विद्यापीठाकडून आलं नाही". एप्रिलमध्ये गेले तर त्या बाईंची बदली दुसऱ्या टेबलावर झाली होती आणि नवीन गृहस्थ सगळ्या फाईली चाळून म्हणाले, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. माझ्याकडे दाखवायला काय होतं? काहीच नाही. बॅकलॉगच्या फॉर्मची तारीख महिन्यापूर्वी उलटून गेली होती.

ऑफिसचा राग मला आजही येतो, खोटं कशाला सांगू. सतरा-अठरा वर्षांची पोरं पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी त्या खिडकीशी उभी राहतात, आणि त्यांना तिथे पहिला धडा मिळतो तो हा, की विचारलं तर पीडा होते. त्या बाईंनी कागदावर एक शिक्का मारला असता तर त्यांचं काय गेलं असतं? पण ते असो. वर्ष नुसत्या त्या अर्जामुळे गेलं नाही. जानेवारी ते एप्रिल माझ्या डोक्यात जे चाललं होतं त्यामुळे गेलं.

मी पेपर दिला होता, हे मला माहीत होतं. तरीही गुणपत्रिकेवर रोज तो शब्द बघून हळूहळू मला वाटायला लागलं की फिजिक्स आपल्याला जमतच नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच झालं. दुसऱ्या सत्रात मी मागच्या बाकावर बसायला लागले, मग प्रॅक्टिकलला उशिरा जायला लागले, मग लेक्चर सोडून वसतिगृहात झोपून राहायला लागले. घरी सांगितलं की सगळं ठीक आहे. दुसऱ्या सत्रात खरोखरच तीन विषय राहिले आणि इयर डाऊन झाले. तू लिहिलं आहेस, "सकाळी उठून जावंसंच वाटत नाही." म्हणून एवढं लिहिते आहे.

आता काय करायचं ते. माझं मत आहे, मी वकील नाही, आणि प्रत्येक विद्यापीठाच्या तारखा वेगळ्या असतात, त्या परिपत्रकात बघून घे. ऑफिसात सांगून दोन आठवडे झालेत ना? उद्याच्या उद्या नवीन अर्ज लिही. बैठक क्रमांक, विषय, तारीख, वर्गखोली, हॉलतिकिटाची झेरॉक्स जोड, आणि "हजेरीपट व उत्तरपत्रिका पडताळावी" हे वाक्य स्पष्ट घाल. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच द्यायला नाही म्हणाले तर प्राचार्यांकडे जा, तेही जमलं नाही तर तोच अर्ज महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पाठव. ईमेलला तारीख असते, ती पुरते. आणि अर्ज प्रलंबित असला तरी बॅकलॉगचा फॉर्म तारखेच्या आत भरून टाक. फी वाया गेली तरी चालेल. कोणी "कशाला?" म्हणालं तरी भर.

एवढ्याने हललं नाही तर पुढचे रस्ते आहेत, आणि ते मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते म्हणून मुद्दाम सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. दुसरं म्हणजे माहितीचा अधिकार. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सांगितलं. म्हणजे माझा पेपर व्हायच्या आधीच! मी मात्र पंचिंग मशीनखालच्या कागदावर विसंबून बसले. माहिती अधिकारात साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे हा अर्ज शेवटी नको, समितीच्या तक्रारीबरोबरच टाक.

माझं कोडं शेवटी सुटलं ते फिजिक्सच्या एका सरांमुळे. मी त्यांच्याकडे रडगाणं घेऊन गेले नव्हते. वर्ष गेल्यावर घरी बसायचं नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं, आणि वहीच्या शेवटच्या पानावर न कळलेले प्रश्न लिहायला लागले होते. आठवड्याला त्यातला एक तरी कोणाला तरी विचारायचाच. पहिला प्रश्न होता, स्प्रिंगच्या सूत्रात उणे चिन्ह का येतं. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमधून एक स्प्रिंग काढली, एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ओढ. ओढली. "हाताला काय वाटतंय?" परत मागे खेचतेय. "मग आता उलटी दाब." दाबली, तर बाहेर ढकलायला लागली. "तू ज्या दिशेला नेशील त्याच्या उलट. तेच ते उणे." बारावीला ते सूत्र मी शंभर वेळा लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळवले होते. कळलं त्या दिवशी.

त्याच बोलण्यात गैरहजरीचं निघालं. सर दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन हजेरीपटाची प्रत काढून घेऊन आले. माझी सही त्यावर होती, जरा वाकडी, पण होती. महिन्याभरात गुण लागले, ८० पैकी ५३. गेलेलं वर्ष परत आलं नाही, पण ती सही बघितल्यावर मला बऱ्याच दिवसांनी पोटभर रडू आलं आणि त्या रात्री झोपही लागली.

तर तुझा तक्ता. माझं मत जरा कडक आहे, राग मानू नकोस. हा तक्ता तू निकाल लागल्यानंतर केला आहेस, आधी नाही. त्यातल्या निम्म्या गोष्टी तुला हव्या आहेत म्हणून आल्या नाहीत, फिजिक्सपासून पळायला जागा हवी म्हणून आल्यात असं मला वाटतं. चुकत असेन. तपासून बघायचं असेल तर स्वतःला एवढंच विचार: त्या पेपरला गुण लागले असते तर या यादीतलं काय उरलं असतं?

रूममेट म्हणतात तसा "आत्ता सुरू केलं नाही तर उशीर" हा प्रकार नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, वय किमान २१ लागतं, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना पूर्वपरीक्षेचा अर्ज भरता येतो, आणि खुल्या गटालासुद्धा ३२ पर्यंत सहा संधी आहेत. २०२४ च्या परीक्षेतून देशभरात १००९ जणांची शिफारस झाली आणि अर्ज भरणारे लाखांत असतात, तेव्हा पदवी कच्ची ठेवून तिकडे जाणं मला तरी धोक्याचं वाटतं. ज्यांना खरंच त्याच क्षेत्रात जायचंय त्यांच्याबद्दल मी बोलत नाही, तुझ्याबद्दल बोलते आहे. संशोधनाकडे जायचं असेल तर तिसऱ्या वर्षी 'जॅम' आहे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, आणि वयाची अट नाही. माझं एक वर्ष मागे पडलं होतं तरी मी ती देऊ शकले. आज प्रयोगशाळेतच काम करते.

कॉलेज सोडण्याबद्दलही तू विचारलं आहेस. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी आणखी ४ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) कौशल्य कोर्स करावा लागतो, आणि मिळवलेली क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' (एबीसी) या ऑनलाइन खात्यात जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. दार आहे, हे माहीत असावं. पण खचलेल्या मनाने त्या दारातून जाऊ नकोस. राहिलेला विषय २ क्रेडिटचा असेल तर थिअरीचे सगळे मिळून ३० तास होतात. तीस तासांवरून फिजिक्स जमतं की नाही हे ठरवायचं नसतं.

जाता जाता, एबीसी आयडीवर आणि गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आत्ताच बघून ठेव. नंतर फार नाचवतात.

रात्री झोप लागत नाही असं तू लिहिलं आहेस, ते मात्र हलक्यात घेऊ नकोस. मी समुपदेशक नाही, पण १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मला तेव्हा असं काही असतं तर मी फोन केला असता.

आणि घरी सांग. "नापास झाले" असं नको सांगूस, कारण ते खरं नाही. पेपर दिला होता, गैरहजर लागलंय, अर्ज केलाय, हा बघ शिक्का. एवढंच सांग, आणि पोचेचा फोटो पाठव.