आधी पत्रपेटीवर नाव, मग कार्ड

तुझ्या वडिलांनी तुझे प्रश्न मला पाठवले आणि सोबत "जरा सविस्तर लिही, पोरगा घाईत आहे" असेही कळवले, म्हणून हे उत्तर लांबणार आहे. नोव्हेंबरमध्ये तू इथे जर्मनीत, श्टुटगार्टच्या एका कंपनीत रुजू होणार आहेस, बडोद्यात तुझ्याकडे दोन क्रेडिट कार्डे आहेत आणि सिबिल स्कोअर उत्तम आहे. इथे पोहोचल्यावर क्रेडिट कार्ड किती दिवसांत मिळेल, त्यासाठी सिबिलचा काही उपयोग होईल का आणि कार्ड हातात येईपर्यंतचा काळ कसा काढायचा, असे तू विचारले आहेस.

मधल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे, म्हणून ते आधी देतो. सिबिलचा इथे काहीही उपयोग होत नाही. जर्मनीत माणसाची पत पाहण्याचे काम मुख्यतः शूफा नावाची कंपनी करते. ती १९२७ साली बर्लिनमध्ये सुरू झाली आणि आज तिचे मुख्यालय व्हीसबाडेनला आहे. तू इथे बँकेत खाते उघडशील किंवा मोबाइलचा मासिक करार करशील, तेव्हा तिच्या दप्तरी तुझे नाव पहिल्यांदा चढेल. तोपर्यंत तिच्याकडे तुझ्याबद्दल वाईट काही नसते आणि चांगलेही काही नसते, आणि अशा कोऱ्या पाटीवर उधारी द्यायला इथल्या बँका आपल्या खंडेराव मार्केटमधल्या व्यापाऱ्याइतक्याच नाखूश असतात.

आता कार्डाविषयी. आपण बडोद्यात ज्याला क्रेडिट कार्ड म्हणतो, म्हणजे महिनाभर खर्च करायचा आणि बिल आले की हवे तेवढे भरायचे, ती वस्तू इथल्या रोजच्या व्यवहारात फारशी मध्यवर्ती नाही. खाते उघडल्यावर तुला दोनपैकी एक किंवा दोन्ही कार्डे मिळतील. एक म्हणजे झिरोकार्ड (girocard), जे जर्मनीची स्वतःची व्यवस्था आहे आणि ज्याला जुने लोक अजूनही एत्से-कार्टे म्हणतात. दुसरे व्हिसा किंवा मास्टरकार्डचे डेबिट कार्ड. दोन्हींमध्ये पैसे थेट खात्यातून जातात. जुलै २०२३ पासून नव्या झिरोकार्डांवर माएस्ट्रो या परदेशातही चालणाऱ्या जाळ्याचे चिन्ह देणे बंद झाले, त्यामुळे ज्या झिरोकार्डावर दुसऱ्या जाळ्याचे चिन्ह नसेल ते जर्मनीबाहेर चालेल असे धरून चालू नकोस. उलट काही बेकऱ्या, छोटी उपाहारगृहे आणि सरकारी कचेऱ्या अशा आहेत की तिथे केवळ झिरोकार्ड किंवा रोख चालते आणि व्हिसाचे चकचकीत कार्ड पुढे केले तर समोरची बाई मान हलवते. म्हणून खाते निवडताना झिरोकार्ड मिळते का, आणि मिळत असल्यास त्याचे वेगळे शुल्क आहे का, हे आवर्जून विचार. भाडे, वीज, फोन आणि इंटरनेट यांसाठी तर कार्ड लागतच नाही. आयबॅन, म्हणजे खात्याचा बावीस अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिला की ती रक्कम लास्टश्रिफ्ट या पद्धतीने आपोआप वळती होते, आणि एखादी वसुली चुकीची वाटली तर आठ आठवड्यांच्या आत ती परत मागवता येते. खरे क्रेडिट कार्ड ज्याच्यावाचून खरोखर अडते अशी मला आढळलेली मुख्य ठिकाणे दोनच: भाड्याने मोटार घेताना आणि काही हॉटेलांत अनामत अडकवून ठेवताना.

किती दिवस, याचे उत्तर तू कार्डात शोधतो आहेस आणि ते पत्त्यात आहे. इथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या नोंदणीसाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो की हा माणूस माझ्या जागेत राहतो आहे. नोंदणी झाल्यावर मिळणारा कागद बहुतेक बँका खाते उघडताना मागतात, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत अकरा अंकी करक्रमांक टपालाने येतो, तोही बँकेला कळवावा लागतो. गंमत अशी की घरमालक भाड्याचा करार करण्यापूर्वी तुझे इथले खाते आणि शूफाचा कागद पाहू इच्छितो, म्हणजे घरासाठी खाते आणि खात्यासाठी घर. या चक्रातून सुटण्याचा मला ठाऊक असलेला बरा मार्ग असा की पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी सुसज्ज खोली तात्पुरती भाड्याने घ्यावी, आणि ती ठरवतानाच, पैसे देण्यापूर्वी, "नोंदणीसाठी दाखला मिळेल" हे मालकाकडून लेखी घ्यावे. थोड्या दिवसांच्या पर्यटक खोल्यांचे मालक हा दाखला सहसा देत नाहीत, आणि स्वस्त खोलीच्या मोहात पडून आलेली मुले नेमकी इथे अडकतात. कंपनी स्वतः निवासाची सोय करत असेल तर मनुष्यबळ विभागाला हाच प्रश्न आजच विचारून ठेव. नगरकचेरीच्या भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती सहज मिळत नाही, तेव्हा पत्ता ठरल्याबरोबर ती राखून ठेव.

आता पत्रपेटीविषयी लिहितो, कारण माझे स्वतःचे पाच आठवडे तिच्यापायी गेले. जर्मनीत इमारतीच्या दारापाशी पत्रपेट्यांची ओळ असते, आणि त्या पेट्यांवर सदनिकेचा क्रमांक नसून राहणाऱ्याचे आडनाव असते. पोस्टमन क्रमांक शोधत नाही, आडनाव शोधतो. मी एका जर्मन गृहस्थाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत होतो आणि पेटीवर फक्त त्याचे नाव होते. बँकेने कार्ड पाठवले, ते परत गेले. कारण पिनचे पाकीट सुरक्षेसाठी वेगळ्या दिवशी वेगळ्या टपालाने येते, तेही परत गेले. आणि दोन पाकिटे परत आल्यामुळे बँकेने पत्ता संशयास्पद ठरवून खातेच गोठवले. आपल्या दांडिया बाजारात पोस्टमनला तीन पिढ्यांची नावे पाठ असत, त्या सवयीने मी निर्धास्त होतो. तू राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून ती पेटीवर आणि दारावरच्या घंटेवर चिकटव. मालकाला आधी विचार, पण चिकटव. पेटी बरोबर चालते आहे याची खूण म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचे पत्र, जे नोंदणीनंतर न चुकता येते आणि दर घरामागे महिना १८.३६ युरो मागते. ते पत्र पाहून कोणी आनंदित झाल्याचे ऐकिवात नाही, मी मात्र झालो होतो.

नावाचा दुसरा घोळ आपल्याकडूनच सोबत येतो. गुजरातेतील कित्येक कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर आपल्या घरी मराठी क्रम वेगळा. पासपोर्टावर तुझे आणि वडिलांचे नाव मिळून 'दिलेले नाव' या रकान्यात असेल, तर जर्मन कारकुनाच्या दृष्टीने ती दोन्ही तुझीच नावे आहेत, आणि नोंदणीच्या कागदावर ती दोन्ही येतील. हरकत नाही, येऊ देत. मात्र नोंदणी, नोकरीचा करार, बँकेचा अर्ज आणि पत्रपेटी या चारही ठिकाणी पासपोर्टाप्रमाणेच अक्षरे ठेव; एकीकडे वडिलांचे नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत. व्हिसा अर्जापूर्वीच सारी कागदपत्रे एका ओळीत मांडून तपासून घे.

ओळख पटवण्याच्या पायरीवरही भारतीयाला एक अडचण येते. ऑनलाइन बँका व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायला सांगतात, पण भारतीय पासपोर्ट त्या पद्धतीत अनेक बँका स्वीकारत नाहीत. तसे झाले तर खचून जाऊ नकोस आणि तोच अर्ज पाच बँकांत टाकत बसू नकोस. पोस्टात जाऊन ओळख पटवण्याची पोस्टइडेंट नावाची सोय आहे का ते पाहा, नाहीतर सरळ जवळच्या श्पारकासे या स्थानिक बचत बँकेच्या शाखेत वेळ घेऊन जा. महिन्याचे थोडे शुल्क पडते, परंतु समोर माणूस असतो, आणि पहिल्या वर्षी त्या माणसाची किंमत शुल्कापेक्षा जास्त आहे असे माझे मत आहे. एवढे करूनही कोणी खाते नाकारू लागले तर बाझिसकोन्टो हा शब्द लक्षात ठेव: युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला साधे खाते मिळण्याचा हक्क जर्मनीत २०१६ पासून आहे, त्या अर्जावर बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि नकार अन्यायाचा वाटल्यास बाफिन या नियामक संस्थेकडे दाद मागता येते. त्या खात्यावर उधारी मिळत नाही, पण डेबिट कार्ड मिळते आणि पगार जमा होतो.

हे सारे सुरळीत झाले तर पोहोचल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत डेबिट कार्ड हातात येईल. तोवरचा खर्च भारतातून आणलेल्या पैशांवर चालवावा लागेल आणि तो कमी नसतो, कारण घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे, हे घरमालक सहसा आपणहून सांगत नाहीत. प्रवासात परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतात, तेव्हा थोडे युरो रोख आणि बाकी रक्कम युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डावर ठेव. आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा रकमेवर सध्या टीसीएस, म्हणजे परदेशी रक्कम नेताना बँक आधीच घेते तो कर, कापला जात नाही. तुझी भारतीय क्रेडिट कार्डे अडीनडीसाठी राहू देत. त्यांवर परकीय चलनाच्या खर्चाला अनेकदा साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. यंत्राने "रुपयांत भरायचे की युरोत" असे विचारले तर नेहमी युरो निवड, कारण रुपयांचा तो भाव दुकानाच्या यंत्रामागची कंपनी लावते आणि तो महाग असतो.

खऱ्या क्रेडिट कार्डासाठी साधारण सात-आठ महिने थांब असे मी सांगेन. इथे नोकरीचा पहिला सहा महिन्यांचा काळ बहुधा परिवीक्षेचा असतो आणि बँका शेवटच्या तीन पगारपत्रकांबरोबरच निवासपरवाना किती काळ उरला आहे हेही पाहतात. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथेच आधी विचार. इथल्या बऱ्याच कार्डांचे पूर्ण बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप जाते, आणि ते उत्तम. परंतु "कायम मोफत" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कार्डांत मूळ सेटिंगच हप्त्याने फेडण्याचे असते. तू खर्च करतोस, थोडीशी रक्कम वळती होते, आणि उरलेल्यावर जबर व्याज चढत राहते. माझ्या एका सहकाऱ्याला हे पाच महिन्यांनी कळले. कार्ड आले की पहिल्याच दिवशी पूर्ण परतफेडीचा पर्याय चालू कर. शूफाकडे तुझ्याविषयी काय लिहिले आहे त्याची प्रत मोफत मागता येते. तिच्या संकेतस्थळावर पैसे देऊन घ्यायचे प्रमाणपत्र ठळक दिसते आणि मोफत प्रतीचा दुवा शोधावा लागतो. घरमालकाला द्यायला विकतचे प्रमाणपत्र बरे, स्वतःच्या माहितीसाठी मोफत प्रत पुरते.

निघण्यापूर्वीची तीन कामे बडोद्यातच होतील. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापलेल्या बँकेत आपल्या सगळ्यांची घरची खाती आहेत, तुझेही असेल. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते निवासी बचत खाते तसेच ठेवता येत नाही, ते अनिवासी म्हणजे एनआरओ करून घ्यावे लागते. ते अर्ज कोणते आणि परदेशातून कसे पाठवायचे हे शाखेत समोरासमोर विचारून घे. दुसरे, भारतीय कार्डांचा परदेशी वापर ॲपमध्ये चालू कर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. तिसरे, ओटीपी ज्या क्रमांकावर येतो ते सिम वडिलांच्या फोनात ठेवून येऊ नकोस, रोमिंग सुरू करून आपल्यासोबत आण. मी ठेवून आलो होतो, आणि ओटीपी आला की बाबा दुपारच्या झोपेत असत.