डांबराच्या गोळ्यांची भरपाई कोणाकडे मागायची?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचं आणि त्यांच्या भावाचं वलसाडजवळ तिथल या समुद्रकिनाऱ्याच्या गावी छोटं गेस्ट हाऊस आहे. दर पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे काळे चिकट गोळे येतात, गडी ते गोळा करून जाळतो. यंदा एका पाहुण्याने पैसे परत मागणारी वकिलाची नोटीस पाठवली. समुद्रात तेल काढणाऱ्या कंपनीवर दावा लावावा का, असं त्या विचारतात.

ताई, तुमचा संताप रास्त आहे, पण आज कोणाचं नाव घालून दावा लावू नका. तेल विहिरीतलं असेल, टँकरच्या टाक्या धुतल्याचं असेल किंवा बुडालेल्या जहाजाचं इंधनही असेल. पाण्यावर त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेलं तेल पाणी धरून घट्ट होतं, उन्हाने बदलतं आणि नैर्ऋत्येचा वारा ते किनाऱ्याला लावतो. कंपनीचा वकील म्हणेल, आता याची ओळख कसली पटवता? पण तेलातली होपेनसारखी चिवट संयुगं सहसा टिकतात आणि त्यांच्या प्रमाणावरून स्रोत ताडून पाहता येतो. म्हणून आधी ते जाळणं बंद करा. धूर वाईट आहेच, शिवाय तुमचा पुरावाच राख होतो.

पुढच्या वेळी गोळे दिसले की त्याच दिवशी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि कलेक्टरांना लेखी कळवा, नमुना तुमच्यासमोर पंचनामा करून घ्यायला सांगा. स्वतःही थोडे स्वच्छ काचेच्या बाटलीत, अंधारात, थंड जागी ठेवा. तिथलची वाळू काळी, त्यामुळे फोटोत गोळे उठून दिसत नाहीत. खाली पांढरा कागद आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. रद्द झालेल्या बुकिंगच्या पावत्याही जपा.

भरपाईचा अर्ज राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे, 2010 च्या कायद्याच्या कलम 15 खाली करता येतो. मुदत 5 वर्षांची, पण ती कारण पहिल्यांदा घडल्यापासून मोजतात. गोळे दरवर्षी येतात, म्हणून या मुद्द्यावर वाद होणारच, उशीर करू नका. मुंबईजवळ 2011 मध्ये बुडालेल्या ‘राक कॅरियर’ प्रकरणात लवादाने 2016 मध्ये 100 कोटींची भरपाई ठरवली, पण तिथे जहाज कोणतं हे माहीत होतं. तुमचा प्रदूषक सापडेपर्यंत निदान साफसफाईसाठी सरकारी यंत्रणेला प्रतिवादी करता येईल.

पाहुण्याच्या नोटिशीला मात्र गप्प बसू नका. जाहिरातीत ‘स्वच्छ किनारा’ लिहिलंत आणि गोळे येतात हे माहीत असून सांगितलं नाहीत, तर ग्राहक आयोग सेवेतली त्रुटी धरू शकतो. माझं मत, न राहिलेल्या दिवसांचं भाडं परत करून लेखी समझोता करा. जाहिरातीतली ती ओळ आजच काढा आणि बुकिंग घेतानाच पावसाळ्यातली परिस्थिती लेखी कळवा.