यादीत नसलेले नमुने

गंगापूर रोड, नाशिक

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून पंधरवडा झाला. तुझ्या प्रश्नावर तुझी पुढची काही वर्षे आणि वडिलांचे गेल्या हंगामातील द्राक्षांचे पैसे अवलंबून आहेत, म्हणून घाईने उत्तर लिहिणे मला बरे वाटले नाही. बी.एस्सी. रसायनशास्त्र झाल्यावर तुझ्यापुढे तीन वाटा आहेत: अंबडच्या औषध कारखान्यात क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण विभागात, मिळालेली नोकरी, एम.एस्सी., आणि पुण्यातील एका खासगी वर्गाचा सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम, ज्याच्या माहितीपत्रकावर '१०० टक्के प्लेसमेंट' असे छापले आहे. यांतली कोणती घ्यावी याबद्दल माझे मत मी पुढे लिहिले आहे. पण त्याआधी, या वाटांनी गेलेल्यांचे पुढे काय झाले हे कसे शोधायचे, ते सांगणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

तू द्राक्षाच्या घरातली आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २०१० सालचा हंगाम तू लहान असल्याने तुला आठवणार नाही, पण वडिलांना विचार. युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन बागायतदार सीसीसी किंवा लिहोसिन म्हणून ओळखतात. युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला आणि निर्यातीवर विसंबलेल्या बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. हा माल इथून तपासून गेलेला होता आणि त्याचे अहवालही होते. परंतु ज्या रसायनांसाठी तपासणी व्हायची त्यांच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हतेच. कोणी ते शोधले नाही, त्यामुळे अहवालात ते आले नाही, आणि अहवाल स्वच्छ दिसला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा सर्वांना त्या वर्षी हे नव्याने शिकावे लागले, की अहवाल हाती आला म्हणजे आधी काय तपासले आहे ते पाहायचे आणि मगच काय सापडले ते वाचायचे.

शिक्षणानंतरच्या नोकऱ्यांचे आकडेही मी याच सवयीने वाचतो. '१०० टक्के' हा अपूर्णांक आहे आणि त्याचा छेद माहितीपत्रकावर छापलेला नाही. समज, वर्गात ६० जण होते. त्यांतल्या २४ जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले, मुलाखतींपर्यंत १२ टिकले आणि त्या १२ जणांना काही ना काही काम मिळाले, तरी छापणारा १०० टक्के छापू शकतो. उरलेले ४८ यादीतच नाहीत. पगाराचेही तसेच आहे. पाच जणांपैकी चौघांना महिना १२, १३, १४, १५ हजार आणि एकाला १ लाख मिळत असेल, तर सरासरी ३०,८०० येते. मधल्या मुलाला मात्र १४ हजारच मिळतात. म्हणून सरासरी कोणी सांगितली तर मध्यक विचार. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि किती जण पुढे शिकायला गेले, ही माहिती द्यावी लागते आणि ती संस्थेच्या संकेतस्थळावर असते. एम.एस्सी.साठी महाविद्यालय निवडताना प्रवेशद्वारावरच्या फलकाआधी हा तक्ता उघड. खासगी वर्गाबाबत सांगायचे, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि निवडीची किंवा नोकरीची हमी देणारे दावे त्यांत निषिद्ध ठरवले आहेत. त्यानंतरही असे माहितीपत्रक हाती देणाऱ्या वर्गाकडे वडिलांचे पैसे जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

सरकारी आकडेही व्याख्या पाहूनच वाचावेत. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एक तास जरी काम केले तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. आपल्या देशात शिक्षण वाढते तसे बेरोजगारीचे प्रमाणही वाढलेले दिसते, आणि त्यावरून शिकून उपयोग नाही असा अर्थ काढणारे लोक तुला गावात भेटतील. तो अर्थ बरोबर नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे तो मिळेल ते काम धरतो आणि त्याची गणना रोजगारात होते. पदवीधराला घर काही महिने सांभाळून घेते, तो योग्य कामाची वाट पाहतो आणि म्हणून बेरोजगार मोजला जातो. हे थांबणे किती लांबते आणि त्या काळात माणूस काय करतो, हे खरे विचारण्यासारखे आहे.

आता एक काम सांगतो, आणि ते तूच करायचे आहे. तुझ्या विभागातून चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या तुकडीची यादी विभागप्रमुखांकडून माग आणि त्यातल्या निदान तीस जणांना फोन कर. सगळ्यांना तेच विचार: पहिले काम कोणते होते, ते किती महिन्यांनी मिळाले, आज काय करता, आणि त्या वेळी काय ठाऊक असते तर बरे झाले असते. ज्यांची नावे कोणी घेत नाही, ज्यांचे फोन लागत नाहीत, त्यांच्यासाठी जास्त प्रयत्न कर, कारण फलकावरच्या चार जणांची हकिकत तुला आधीच पाठ आहे. लग्न होऊन गेलेल्या, घरी असलेल्या मुलींना तर आवर्जून फोन कर. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेच्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांत २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. संशोधन आणि विकासाच्या कामात थेट असलेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०१८ च्या आकडेवारीनुसार १७ टक्क्यांच्या आसपास होते. मधल्या मुली कुठे गेल्या, हे मला कोणत्याही अहवालात नीट वाचायला मिळाले नाही. माझ्या स्वतःच्या विभागात मात्र मी ते पाहिले. हुशार, नेटक्या नोंदी ठेवणाऱ्या मुली तिसऱ्या-चौथ्या वर्षी राजीनामा देत, आणि त्यांचे काम कमी पडले म्हणून असे एकदाही घडले नाही. कंपनीची बस अमुक फाट्यापर्यंतच येते, कामाची पाळी (शिफ्ट) बदलता येत नाही, सासर दुसऱ्या गावी आहे, अशी ती कारणे असत. ही कारणे तुला आज किरकोळ वाटतील, तरी नोकरी स्वीकारण्याआधी त्यांची उत्तरे लेखी असावीत.

अंबडच्या नोकरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते माझे क्षेत्र आहे. देऊ केलेले वार्षिक २ लाख ४० हजार हा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण खर्चाचा, आकडा आहे. त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते, तेव्हा दरमहा हातात किती येतील ते विचारून घे. मात्र पगारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे: पहिल्या वर्षी तुला कोणत्या उपकरणावर बसवणार? काही ठिकाणी नव्या मुलांना दोन-दोन वर्षे काचसामान, नमुने आणि लेबले यांतच ठेवतात. जिथे सहा महिन्यांत कार्ल फिशर (नमुन्यातले पाणी मोजणे) आणि डिझोल्यूशन (गोळी किती विरघळते ते पाहणे), आणि वर्षभरात एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे उपकरण, स्वतंत्रपणे चालवायला देतात, तिथे हजार-दोन हजार कमी मिळाले तरी जावे. एचपीएलसीच्या आलेखावर पीक, म्हणजे शिखर, आले की सॉफ्टवेअर आकडा देतेच. पण पीक रुंद का झाले, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) थकला की मोबाइल फेजचा (त्यातून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच चुकला, हे ज्याला ओळखता येते त्याला विभागात मान असतो. मर्यादेबाहेरचा निकाल, ज्याला सगळे ओओएस म्हणतात, तो आला की तुझी खरी परीक्षा होईल. नोंद ज्या क्षणी केली त्याच क्षणाची आणि करणाऱ्याच्याच सहीची असली पाहिजे; चुकलेला आकडा एका रेघेने खोडून शेजारी कारण, तारीख आणि सही घालायची. वरिष्ठांनी घाई केली तरी यात बदल करू नकोस. मी उमेदवारीत असताना एकदा दबावाखाली जुन्या तारखेने सही केली होती. त्यातून कोणाला इजा झाली नाही, तरी ती सही मला आजही बोचते.

या नोकरीची पुढची पायरीही लक्षात ठेव. औषध नियम, १९४५ यांनुसार औषध उत्पादनावर देखरेख करणारी व्यक्ती मान्यताप्राप्त असावी लागते, बी.फार्म. झालेल्याला त्यासाठी १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, तर रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला ३ वर्षांचा लागतो. कारखान्यातली माणसे ज्याला 'एफडीए अप्रूव्हल' म्हणतात ते हेच. चाचणी विभागासाठीही अशी मान्यता असते. म्हणून कुठेही काम केलेस तरी अनुभवपत्रात विभाग, कामाचे स्वरूप आणि तारखा स्पष्ट लिहून घे. 'केमिस्ट म्हणून काम केले' एवढ्या ओळीवर मान्यतेचा अर्ज उभा राहत नाही.

एम.एस्सी.विषयी लिहिताना मला एका विद्यार्थ्याची आठवण येते. गुण चांगले होते, म्हणून मी त्याला फारसा विचार न करता एम.एस्सी. कर असे सांगितले. घरच्यांनी कर्ज काढले, दोन वर्षे गेली, आणि तो ज्या पदावर लागला त्याच पदावर त्याच्या वर्गातला एक मुलगा बी.एस्सी.नंतर लगेच लागून उपकरणांचा अनुभव घेऊन पुढे गेलेला होता. माझी चूक अशी झाली, की त्याला पुढे काय शोधायचे आहे हे मी विचारलेच नाही. तुझ्या पत्रात गुणांवर एक ओळ आहे आणि विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटवर केलेल्या प्रकल्पावर पाऊण पान आहे. त्यावरून तुला 'का' हा प्रश्न पडतो असे मला दिसते, आणि ज्याला तो पडतो त्याने एम.एस्सी. जरूर करावी, पण जागा पाहून करावी. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, म्हणजे आत्ताच. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. घरावर भार न टाकता पीएच.डी. करण्याची ती खात्रीची वाट आहे.

डेटा सायन्स वाईट नाही, आणि पुढे तुझ्याच नायट्रेटच्या आकड्यांसाठी तुला ते लागेल. पण एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर पायथन आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच १,००० रुपयांच्या आसपास शुल्क पडते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतही धडे आहेत. तीन महिने रोज तासभर बसून पाहा. तरीही गोडी टिकली तर आपण पुन्हा बोलू.

म्हणून माझे मत असे आहे. उपकरणाविषयीचे उत्तर समाधानकारक असेल तर अंबडची नोकरी घे, जॅमचा अर्ज आजच भर आणि वर्षभर दोन्ही सांभाळ. जॅममध्ये चांगली जागा मिळाली तर नोकरी सोडताना संकोच करू नकोस. नाही मिळाली तरी तुझ्या हातात वर्षाचा अनुभव असेल. शिवाय कीडनाशकांचे उर्वरित अंश तपासणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांकडेही अर्ज कर. द्राक्षाची निर्यात चालते तोवर त्यांना एलसी-एमएस-एमएस हे सूक्ष्म अंश मोजणारे उपकरण चालवणारी माणसे लागणार आहेत. आणि फवारणी, छाटणी, काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ हे शब्द ज्या उमेदवाराला घरातच कळले आहेत, तिला नमुना कुठून आणि कसा आला असेल हे शिकवावे लागत नाही. मुलाखतीत ही गोष्ट संकोच न करता सांग.

कंपनीला उत्तर कळवण्याची मुदत २५ तारखेपर्यंत आहे असे तू लिहिलेस, म्हणजे तीस फोनांसाठी दहा दिवस आहेत. उत्तरे एका वहीत लिही. न लागलेल्या फोनांचीही नोंद ठेव. रविवारी सकाळी वही आणि नेमणूकपत्र घेऊन ये, आणि वडिलांना सोबत आण. ते छाटणीच्या गडबडीत असतील तर तसे कळव, मीच पिंपळगावला येईन.

तुझे,
सर