विशेष मुलासाठी ट्रस्ट करायचा आहे, वकील कसा शोधावा?

ताई, मुलगा २४ वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व असलेला. आपल्या माघारी त्याची सोय लागावी म्हणून ट्रस्ट करायचाय आणि दादर-परळकडचा वकील हवाय, असं तुम्ही लिहिलंय. नाव सांगत नाही, पण पारख कशी करायची ते सांगतो.

ट्रस्ट म्हटलं की लोक वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे पाठवतात. ते कार्यालय सार्वजनिक ट्रस्टचं, १९५० च्या कायद्याखालचं: देवस्थानं, शाळा, मंडळं. तुमचा ट्रस्ट खासगी, १८८२ च्या कायद्याखाली येणारा. 'ट्रस्टची कामं करतो' म्हणणारे बरेच वकील वरळीतले चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याच्या नोंदी) आणि विश्वस्तांची भांडणं यातच मुरलेले असतात. म्हणून फोनवरच विचारा, कौटुंबिक ट्रस्ट आणि मृत्युपत्रं करता का?

नावं मुलाच्या शाळेतल्या किंवा कार्यशाळेतल्या पालकांकडून घ्या. नेटवरच्या 'टॉप टेन' याद्या सोडून द्या. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाईच आहे. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक मात्र बघून घ्या.

पहिल्या भेटीत वकिलानेच तुम्हाला प्रश्न विचारून भंडावलं पाहिजे. तुमच्यानंतर विश्वस्त कोण? तो परदेशी गेला किंवा वारला तर? मुलाच्या पश्चात उरेल ते कोणाला? हे न विचारता जो संगणकातला तयार मसुदा काढतो, त्याला नमस्कार करून उठा.

खरी गाठ फ्लॅटची. तो आत्ताच ट्रस्टच्या नावे करायचा तर दस्त नोंदवा, मुद्रांक शुल्क भरा. म्हणून बरेच जण सुरुवातीला थोडी रक्कम टाकून ट्रस्ट उभा करतात आणि फ्लॅट मृत्युपत्राने ट्रस्टकडे जाईल अशी तजवीज करतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मसुदा सीएलाही दाखवा. उत्पन्न किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं, तर काही अपवाद वगळता कर सर्वात चढ्या दराने बसतो.

आणखी एक, हे पुष्कळ वकीलही विसरतात. ट्रस्ट झाला म्हणजे मुलाला पालक मिळाला असं होत नाही. १८ पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे (सगळे 'लोकल लेव्हल कमिटी'च म्हणतात) वेगळा अर्ज करायचा. वकिलाला ही समितीच ठाऊक नसेल, तर तो तुमच्या कामाचा नाही.

फी लेखी घ्या. मसुद्याचे किती, मुद्रांक-नोंदणीचे किती, हे वेगवेगळं. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

मसुदा हातात आला की त्याच दिवशी सही करू नका. ज्यांना विश्वस्त नेमताय त्यांना आधी वाचायला द्या. कोण मनापासून तयार आहे आणि कोण भिडेखातर हो म्हणतंय, ते तेव्हाच कळेल.