प्रवेश देताना विद्यार्थ्याच्या घरची अडचण विचारात घेणे न्याय्य आहे का?

माझ्या मते न्याय्य आहे, परंतु ती अडचण कागदोपत्री तपासता येईल अशी असावी आणि तिला किती महत्त्व मिळेल हे आधीच जाहीर केलेले असावे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकून, शिकवणीशिवाय सीईटी दिलेल्या मुलीचे गुण आणि नाशिक शहरात दोन वर्षे क्लास लावलेल्या मुलाचे गुण सारखे असले, तरी त्यांमागचे कष्ट सारखे नसतात. हे तत्त्व आपल्या नियमांत आहेच: २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना कमाल १० टक्के आरक्षणाची तरतूद केली. मात्र बारावीच्या वर्षीच वडील गेले, किंवा गारपिटीत निफाडकडची द्राक्षबाग आडवी झाली, तर उत्पन्नाच्या दाखल्यात ते दिसत नाही, कारण तो मागील आर्थिक वर्षाचा असतो. मुलांकडून आपल्या दुःखाचे निबंध लिहून घेण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्यात ज्याला चांगले लिहिता येते त्याचाच फायदा होतो. त्यापेक्षा मृत्यूचा दाखला किंवा तलाठ्याचा पंचनामा पाहून, समान गुण असलेल्यांमध्ये अशा विद्यार्थ्याला प्राधान्य द्यावे.